मामाकडे न गेलेली मुलं

मे महिन्यात मारेगावच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की कोण कुठं चाललंय ते विचारावं लागत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकरू, डोक्याला ओला दुपट्टा, आणि लेकराच्या खिशात ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा. बाई माहेरी निघालेली असते आणि लेकरू मामाच्या गावाला. करंजीकडची गाडी लागली की एक घोळका धावतो, वणीकडची लागली की दुसरा. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, पण त्यामुळे कुणी जायचं थांबत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, सुट्टी लांब असते, आणि त्या सुट्टीचा अर्थच मुळी मामाचं गाव असा आहे.

म्हणून चार वर्षांपूर्वी, दिव्यांग मुलांच्या उन्हाळी शिबिरात पहिल्या सकाळी मुलांशी काय बोलावं ते सुचेना, तेव्हा मी कुठल्याही लेकराला जे विचारते तेच विचारलं. "तुझ्या मामाचं गाव कोणतं रे?"

एकोणीस मुलं गोल करून बसली होती. पहिला मुलगा आठ-नऊ वर्षांचा. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे स्नायू ताठ राहतात आणि एकेक शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो. त्यानं गावाचं नाव सांगितलं. कधी जाणार, असं विचारल्यावर तो आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "गाव हाय ना जी, इथंच, बोटोणीच्या पुढं. पण याले नाही नेत. लहान्याले नेते."

मी पुढच्या मुलीकडे वळले. तिला दिसत नाही. मामाच्या गावात पायऱ्यांची विहीर आहे, विहिरीवर उंबर आहे, हे तिला पाठ होतं. तिच्या भावानं सांगितलं होतं. गोल पुरा होईपर्यंत मला कळलं की एकोणिसांपैकी फक्त दोघं सुट्टीत मामाकडे जातात. उरलेल्या सतरा जणांना मामा होता, गाव होतं, तिथलं झाड नि झाड माहीत होतं, आणि आता ती तिथं जात नव्हती. मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत कडेवर नेलं गेलं होतं. कडेवर मावेनासं झालं तसं घरी ठेवलं गेलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मामाच्या गावाच्या कविता मी वर्षानुवर्षं शिकवल्या आहेत. त्या कवितांतली आगगाडी कुणाला न घेता निघून जाते, हा विचार त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

शिबिर काढलं होतं तालुक्यातल्या एका विशेष शिक्षिकेनं. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचं काम करणारी ही माणसं गावोगावच्या शाळांत फिरतात, मुलं शोधतात, त्यांच्यासोबत बसतात, दाखल्यांसाठी पालकांच्या मागे लागतात. बाईंची तक्रार वेगळीच होती. "वर्षभर घासून एखाद्या पोराची बोटं मोकळी करायची, अन् सुट्टीच्या दोन महिन्यांत ती पुन्हा आखडायची. जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात." म्हणून मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दहा दिवस, सकाळी सात ते साडेदहा, जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग आणि व्हरांडा. मुलं मारेगावातली, मार्डीकडची, कुंभ्याकडची, एक कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा. मदतीला महाविद्यालयातले तीन विद्यार्थी, मी, आणि एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. त्यांना सगळं गाव मामाजी म्हणतं. आमच्याकडे मोठ्या वयाच्या कुणालाही मामाजी म्हणतात. तेव्हा त्यात मला काही वेगळं वाटलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी बाईंनी आम्हाला दोन तास बसवून घेतलं. न दिसणाऱ्या मुलाचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, त्याला धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. ऐकू न येणाऱ्याशी खिडकीकडे पाठ करून बोलायचं नाही, कारण आपला चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. चाकाची खुर्ची हा त्या मुलाच्या अंगाचाच भाग समजायचा, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पक्षाघाताच्या मुलाला भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा घास उचलायचा नाही. फिटची गोळी चुकलेली असली तर आधी मला सांगा. ज्याच्या कण्याला इजा आहे त्याचं शरीर इजेच्या खालच्या भागात नीट घाम काढत नाही, त्याला ऊन आपल्याआधी लागतं. त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवा. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे विसरलात तरी चालेल, मी आहे. एवढंच करा, घाई करू नका."

घाई मी पहिल्याच दिवशी केली. एका मुलाच्या शर्टाची बटणं निघाली होती आणि तो लावत बसला होता. एकेक बटण काजातून जाताना दहादा निसटत होतं. बाकी मुलं खेळायला गेली म्हणून मी वाकून झटकन सगळी बटणं लावून दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सगळी बटणं पुन्हा काढली आणि वरून सुरुवात केली. मी शेजारी बसून राहिले. अकरा मिनिटं लागली. मग तो उठला आणि खेळायला गेला. त्यानंतर दहा दिवसांत मी कुणाच्या बटणाला हात लावला नाही.

खोलीत मोठा कूलर होता. वाळ्याचा वास, ओला गारवा आणि पत्र्याची घरघर. स्वमग्न असलेला एक मुलगा त्या आवाजानं कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याच वेळी ऐकू न येणारी एक मुलगी कूलरच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवून हसत उभी असायची. तिला थरथर हातांतून ऐकू येत होती. एकाला जे सोसवत नव्हतं त्यातच दुसरीचा सगळा आनंद होता. शेवटी मुलाला व्हरांड्यात माठाजवळ जागा करून दिली आणि कूलर तिच्यासाठी चालू ठेवला. 'दिव्यांग' हा एक शब्द आपण कागदावर लिहितो. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्या एका खोलीत मला वाटतं एकोणीस होते.

पोडावरच्या मुलाबद्दल सांगायला हवं. त्याच्या कागदावर वाचादोष लिहिलं होतं. दोन दिवस तो गप्प होता आणि आम्ही त्याच्याशी हातवारे करत होतो. तिसऱ्या दिवशी मामाजी माठ भरता भरता त्याला काहीतरी म्हणाले आणि तो घडाघडा बोलायला लागला. थोडं अडखळत, पण बोलायला लागला. मामाजींनी तीस वर्षं झरी-पांढरकवड्याच्या बाजूच्या गाड्या केल्या होत्या. कोलामी त्यांना कामापुरती येते. मुलाची जीभ थोडी जड आहे हे खरं. पण तो गप्प होता त्याचं कारण जीभ नव्हती. शाळेत त्याच्या भाषेत त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. कागद करणाऱ्यानं मराठीत विचारलं असणार आणि उत्तर आलं नाही म्हणून तो रकाना भरला असणार. कोलाम ही आपल्या राज्यातल्या अतिमागास आदिम जमातींपैकी एक, आणि मारेगाव, झरी, केळापूर हा त्यांचाच मुलूख. तरीही हे घडतं, याचा मला फार राग आला होता, अजूनही आहे.

शिबिरात खेळ घ्यायचे ठरले तेव्हा मी थबकले. आपल्या मराठी मुलांचे खेळ कोणते? लंगडी. आंधळी कोशिंबीर. ही नावं उच्चारायची कशी, असं मला झालं. बाई म्हणाल्या, "उच्चारा ना. नावाला काय घाबरायचं, खेळ त्यांचा पण आहे." मग लंगडी झाली. पोलिओसारखा एक पाय बारीक राहिलेला मुलगा एका पायावर असा सुटला की आमचे महाविद्यालयातले दोन पाय असलेले पोट्टे त्याला सापडत गेले. त्याचा एक पाय आयुष्यभर दोघांचं काम करत आला होता. त्या पायाला लंगडी नवी नव्हती. आंधळ्या कोशिंबिरीच्या वेळी विहिरीवाली मुलगी पुढे आली. कुणीतरी म्हणालं, हिच्या डोळ्यांवर पट्टी कशाला. तिनं हट्टानं बांधून घेतली. सगळ्यांना बांधता तशी मलाही बांधा. आणि मग पावलांच्या आवाजावरून, बांगडीच्या किणकिणीवरून, कुणी दम रोखला त्या शांततेवरूनसुद्धा तिनं एकेकाला धरलं. विदर्भातलेच गुलाबराव महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेली आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरांहून अधिक ग्रंथ मागे ठेवले. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. तो शब्द वर्गात समजावताना मी नेहमी ज्ञानाबद्दल बोलत आले. त्या दिवशी व्हरांड्यात एक दहा वर्षांची मुलगी त्याच शब्दाच्या जोरावर खेळ जिंकत होती.

सातव्या दिवशी खेळ झाले नाहीत. कुणीतरी पाहुणे येणार होते. कोण ते लिहीत नाही. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात आणि त्यातली बरीचशी मनानं वाईट नसतात. टोप्या, केळी आणि पेन वाटायचे होते. मुलांना साडेआठला रांगेत बसवलं. पाहुणे पावणेबाराला आले. तोवर कूलरची टाकी कोरडी पडली होती. एका मुलाला फिट आली. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली, घड्याळ लावून मिनिटं मोजली, आणि रांग मोडू नये म्हणून बाकीची मुलं जागेवरच बसून राहिली. मग भाषणं झाली, फोटो झाले. प्रत्येक मुलाच्या हातात टोपी आणि टोपीवर पाहुण्यांचा हात. सगळं संपल्यावर कूलरवाल्या मुलीनं मला खुणेनं विचारलं: खेळ? मी मान हलवली. तिनं टोपी काढून माझ्या हातात दिली आणि गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी लहानपणी मारेगावहून शाळेच्या सहलीला आनंदवनात गेले होते. वणीवरून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेनं ती सहल केलेली असते. जाताना गुरुजींनी सांगितलं होतं, दुःख बघायला चाललोय, दंगा करू नका. आणि तिथं पाहिलं ते हातमागावर बसलेली, शुभेच्छापत्रं करणारी, सुतारकाम करणारी माणसं. कुणाला बोटं नव्हती, कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि आमच्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नव्हती. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली ती कुष्ठरुग्णांसाठी. पुढे तिच्या आनंदवनात अंध विद्यालय आलं, मूकबधिर विद्यालय आलं, अपंगांना हुन्नर शिकवणारं संधिनिकेतन आलं. पण त्या रात्री मला आठवलं ते वेगळं. कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, एवढंच. तरी १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून निघाले आणि वाहनात आडवं पडून काश्मीरपर्यंत गेले. बरोबरची तरुण मुलं सायकलींवर. भारत जोडो त्या प्रवासाचं नाव. बसता न येणारा एक म्हातारा माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला, कारण त्याला न्यायला माणसं होती आणि त्यानं घरी राहावं असं कुणी म्हणत नव्हतं. आणि आमचं पोरगं अर्ध्या तासावरच्या बोटोणीच्या पुढं जात नव्हतं.

आमच्या शिबिरासारखंच अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या डोंगरात कॅम्प जेनेड नावाचं अपंग मुलांचं उन्हाळी शिबिर होतं. १९५१ ला सुरू झालं, १९७७ ला बंद पडलं. त्यावर २०२० साली 'क्रिप कॅम्प' हा माहितीपट आला. त्यात दिसतं ते साधं आहे. मुलं बेसबॉल खेळतात, भांडतात, प्रेमात पडतात, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारतात; घरी जे मिळत नव्हतं ते सगळं. तिथं काम केलेली ज्युडी ह्यूमन ही पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होती. लहानपणी आग लागली तर हिची अडचण होईल म्हणून तिला शाळेत घेतलं नव्हतं. १९७७ साली हीच मुलगी, आता बाई झालेली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग माणसांसह तीन आठवड्यांहून अधिक ठाण मांडून बसली आणि अडलेल्या नियमांवर सरकारची सही मिळवली. त्यातले काही जण जेनेडमध्ये सोबत उन्हाळा घालवलेले होते. मला त्यातून एवढंच कळतं की ज्या मुलाला एकदा कुठंतरी पाहुण्यासारखं वागवलं गेलं, त्याला पुढे दारात थांबवलेलं सहन होत नाही.

आणि हा काही केवळ माझा हळवेपणा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, भारतानं २००७ मध्ये तो मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात लिहिलं आहे की अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनं खेळण्याची, करमणुकीची, विरंगुळ्याची संधी मिळाली पाहिजे. विरंगुळा, असा शब्द. औषधं, दाखले, श्रवणयंत्रं, कॅलिपर या सगळ्यांबरोबर विरंगुळा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या मुलांच्या विरंगुळ्याचं आपल्या गावाच्या हिशोबात एक पानही नसतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम आपल्या राज्यात आहे. बहुतेक ठिकाणी वस्तूंचं किंवा रोख पैशांचं वाटप होतं. त्यातून उन्हाळ्यात एक आठवडा, एक कूलर, एक माठ आणि एक गाडी होऊ शकते. मारेगावात आम्ही ते वर्गणीवर केलं.

आठव्या दिवशी मी मुलांसोबत कमी बसले आणि कडुलिंबाखाली जास्त. मुलांना सोडायला आलेल्या आया तिथं साडेतीन तास थांबायच्या. पहिले तीन-चार दिवस गप्प, मग तांदूळ निवडणं, मग बोलणं. त्या दिवशी मी त्यांना उघड विचारलं, का नाही नेत? उत्तरं सारखी होती आणि ती ऐकताना मला कळलं की मी पहिल्या दिवसापासून अर्धाच प्रश्न विचारत होते. मुलाचं मामाचं गाव म्हणजे आईचं माहेर. मूल जात नाही म्हणजे ती जात नाही. एक बाई सहा वर्षं माहेरी राहायला गेली नव्हती. लग्नाला जायची, त्याच दिवशी परत. "वयनी काही म्हनत नाही जी. चांगली हाय. पन याचं अंथरूण वलं होते रात्री. मले लाज वाटते." दुसरी म्हणाली, "भाऊ म्हनते ये. पन याले घेऊन ये, असं नाही म्हनत." तिसरी काही बोललीच नाही, पदरानं डोळे पुसून तांदळातला खडा शोधत राहिली.

बहीण विचारत नाही, कारण भावाला अडचण होईल. भाऊ बोलवत नाही, कारण बहिणीला प्रवास झेपणार नाही. दोघांच्या मनात प्रेमच असतं आणि त्या प्रेमाच्या मधोमध ते पोरगं घरी राहतं. ज्यांना घरच नव्हतं त्यांचं वेगळं झालं. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर इथं शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांचं घर उभं केलं. शंभरांहून अधिक मुलांच्या आधार कार्डावर वडील म्हणून त्यांचंच नाव आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम या मुलांना लावू नका, ती जाणार कुठं, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन लेक महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्यांना कुणीच नव्हतं त्यांना एका माणसानं आपलं नाव दिलं. आमच्या एकोणीस मुलांना तर नाव होतं, गाव होतं, सख्खा मामा होता. एका फोनचीच काय ती उणीव होती.

नववा दिवस मामाजींचा. सकाळी आले ते खांद्याला जुनी चामड्याची पिशवी अडकवून, हातात तिकिटं टोचायचा चिमटा घेऊन. व्हरांड्यात बाकं दोन ओळींत लावली. सगळ्यात पुढे चाकाच्या खुर्चीतला मुलगा ड्रायव्हर. त्याच्या मांडीवर स्टीअरिंग म्हणून परात. कूलरवाल्या मुलीच्या हातात दोरी दिली. दोरीचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या मनगटाला बांधलं, म्हणजे घंटी ऐकू आली नाही तरी चालेल. एक ओढ म्हणजे थांबा, दोन ओढी म्हणजे चला. मग मामाजी बाकांमधून फिरू लागले. "बोला, कुठं?"

कुणीही यवतमाळ म्हटलं नाही, नागपूर म्हटलं नाही. प्रत्येकानं मामाचं गाव मागितलं. पक्षाघाताच्या मुलाला गावाचं नाव पुरं करायला वेळ लागला; मामाजी चिमटा धरून उभे राहिले, मागच्या बाकावरची मुलंही थांबली. तिकीट टोचलं. पोडावरच्या मुलानं कोलामीत सांगितलं, मामाजींनी कोलामीत पैसे मागितले. दोन ओढी. ड्रायव्हरनं तोंडानं इंजिन सुरू केलं आणि सगळी गाडी हलायला लागली.

विहिरीवाल्या मुलीचं गाव आलं. ती उठली, बाकाला धरून उतरली आणि मामाजींना विचारलं, "विहीर कोणत्या हाताले?"

मामाजींना ते गाव माहीत नव्हतं. ते बघतच राहिले. तेव्हा कडुलिंबाखालून तिची आई म्हणाली, "डाव्या हाताले, बाई. उंबर लागला का थांबजो." आणि सूप बाजूला ठेवून ती उठली, व्हरांड्यात आली, लेकीपुढे कोपर केलं. दोघी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या. किती पायऱ्या, कोणती तुटलेली, दोर कुठं बांधतात, आई सांगत होती. त्या दिवशी दुसरा खेळ घ्यायला आम्हाला वेळच उरला नाही.

बाकं आत नेताना मामाजी मला म्हणाले, "एसटीत या लोकाईले तिकिटात पंच्याहत्तर टक्के सवलत हाय, मॅडम. सवलतीचं तिकीट मी हजारदा फाडलं असन. पायरी गुडघ्याएवढी उंच, मीच उचलून घेत होतो लेकराले. पन दवाखान्याले चालले म्हनून, नाहीतर सर्टिफिकेटाले चालले म्हनून. मामाच्या गावाले चाललं असं एकबी लेकरू मले आठवत नाही."

आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला वाटलं, आपणच सगळ्या मामांना फोन करावेत. बाईंनी नको म्हटलं. बाहेरच्यानं फोन केला की ते उपकार होतात, बहिणीला त्याचा त्रास होतो. शेवटच्या दिवशी मुलांना एकेक कोरं पोस्टकार्ड दिलं. मामाचा पत्ता आयांनी सांगितला, मजकूर मुलांचा. कुणी चित्र काढलं, कुणी अंगठा उठवला, विहिरीवाल्या मुलीनं ब्रेलच्या पाटीवर दाभणानं टोचून लिहिलं, जे तिच्या मामाला वाचता येणार नव्हतं. आम्ही ती पोस्टाच्या पेटीत टाकली.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्या आठवड्यात बोटोणीच्या पुढच्या गावाहून एक माणूस मोटारसायकलवर आला. पहाटे, ऊन चढायच्या आत. त्यानं भाच्याला मागे बसवलं, दुपट्ट्यानं आपल्या पाठीशी घट्ट बांधलं आणि बहिणीला म्हणाला, तू लहान्याले घेऊन एसटीनं ये. पोरगं तिथं अकरा दिवस राहिलं. अंथरूण ओलं झालं. ते वाळलं. हे मला त्याच्या आईनंच सांगितलं, स्टँडवर, पुढच्या वर्षी, गाडीची वाट बघताना.

उरलेल्या सोळांचं काय झालं, तर दोघी त्या उन्हाळ्यात दोन-दोन दिवस जाऊन आल्या. विहिरीवाली अजून गेलेली नाही.

तुमच्या बहिणीच्या घरी असं लेकरू असेल, तर तिच्या विचारण्याची वाट बघू नका. यंदाच्या मे महिन्यात फोन तुम्ही करा, आणि ये म्हणताना त्याचं नाव घेऊन म्हणा, याला घेऊन ये.